तिघांचे बिऱ्हाड

भाड्याचे घर शोधणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘माणसं किती?’ हा. भाडे किती झेपेल, घर कधीपासून हवे, हे सारे त्यानंतर येते. २०२५ च्या पावसाळ्यात दोन महिने मी या प्रश्नाला उत्तर देत होतो. ‘दोनच,’ असे मी सांगे. ‘मी आणि पत्नी. दोघेही निवृत्त.’ पलीकडचा आवाज तत्काळ मऊ होई. दोन निवृत्त माणसे म्हणजे घरमालकाच्या दृष्टीने चालून आलेले स्थळच. ती भिंतीला खिळे ठोकणार नाहीत, मध्यरात्री गाणी लावणार नाहीत आणि पाच तारखेच्या आत भाडे भरतील. मग मी घसा साफ करून म्हणे, ‘आणि एक कुत्रा आहे.’ त्यानंतर जी शांतता पसरे तिचे इतके प्रकार मी ऐकले की, पुढे पुढे तिच्या लांबीवरूनच मला उत्तर कळू लागले.

आमच्यावर घर शोधण्याची वेळ आली ती स्वतःचे घर असल्यामुळे. पुण्याबाहेरच्या वाचकाला हे वाक्य चमत्कारिक वाटेल. कोथरूडमधली आमची तीन मजली, बारा सदनिकांची इमारत १९८६ साली बांधलेली. अशा इमारती आता एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. जुनी वास्तू पाडायची, तिच्या जागी कितीतरी उंच इमारत उभी राहायची आणि मधली तीन वर्षे सभासदांनी विकसकाने दिलेल्या भाड्यावर अन्यत्र काढायची, असा हा व्यवहार. एका सहीने बारा मालकांचे बारा भाडेकरू होतात. त्या बाराही जणांना जुना दूधवाला, जुना डॉक्टर आणि जुने देऊळ सुटणार नाही एवढ्याच अंतरावर घर हवे असते. शेजारच्या दोन इमारतीही त्याच सुमारास रिकाम्या होत होत्या. तेव्हा घरमालकांना निवडीला भरपूर वाव होता, आणि निवडीला वाव असला की माणूस किती बारकाईने पारखतो, हे आपण लग्नाच्या बाजारात पाहिलेले असतेच.

भुऱ्या आमच्याकडे आला तो २०१४ च्या जुलैत. मुलगी तेव्हा महाविद्यालयात होती. पौड रस्त्यावर एका बंद दुकानाच्या फळीखाली कुडकुडत बसलेले पिलू तिने ओढणीत गुंडाळून आणले, ‘फक्त पाऊस थांबेपर्यंत’ या बोलीवर. पाऊस थांबला. मुलगी शिकून बंगळुरूला नोकरीस गेली. भुऱ्या राहिला. तो कोणत्या जातीचा, असे घरमालक हमखास विचारीत. ‘गावठी,’ असे म्हटले की उरलीसुरली आशा मावळे. लॅब्रॅडॉर असता तर एखादा विरघळलाही असता, असे मला आजही वाटते. रस्त्यावरून आलेल्याला रस्त्यावर जागा असतेच, असा काहीसा त्यांचा हिशेब असावा. भुऱ्या आता अकरा वर्षांचा झाला आहे. एक कान कोवळ्या वयातच फाटलेला, मागचे पाय संधिवाताने धरलेले. त्यामुळे घर तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत हवे, ही एक अट आमच्याकडूनही होती. गरजवंताने अट घालावी, हे कुणाला आवडत नाही.

भाड्याच्या जाहिरातींत एक क्रियापद फार आढळते. बॅचलर चालणार नाहीत. मांसाहार चालणार नाही. छोटे कुटुंब चालेल. कोणी कुणाला ‘चालावे’ याविषयी आपल्या समाजाने जेवढा विचार केला आहे तेवढा चालण्याच्या रस्त्यांविषयी केला असता तर बरे झाले असते, पण ते असो. ‘कुत्रा चालणार नाही’ हे वाक्य मी जेव्हा पहिल्यांदा छापलेले पाहिले, तेव्हा भुऱ्या माझ्या पायाशी उठण्याची खटपट करीत होता. वाक्य दोन्ही अर्थांनी खरे होते. नव्या, उंच संकुलांच्या जाहिरातींत ‘पेट-फ्रेंडली’ हा शब्द दिसतो. पण ज्या घरांना तो लागतो त्यांचे भाडे विकसकाने आम्हांला देऊ केलेल्या रकमेच्या दीडपट होते. एका ठिकाणी कुत्र्याचे म्हणून दरमहा तीन हजार वेगळे मागितले गेले. कशाबद्दल, असे विचारल्यावर ‘कॉमन वापराबद्दल’ असे उत्तर मिळाले. जिना चढू न शकणारा कुत्रा नेमके काय वापरणार, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

आमचा एजंट पंचविशीतला होता. दुचाकीवरून यायचा आणि मला काका म्हणायचा. मुलगा मनाचा चांगला. चौथ्या नकारानंतर त्याने मला बाजूला घेऊन समजावले. ‘काका, आधी सांगूच नका. करार होऊ दे, सामान लागू दे. मग हळूच आणा. कोण काय करतंय?’ मी हयातभर सरकारी कचेरीत कागद तपासले. खोट्या निवेदनाचे काय होते, हे मला ठाऊक होते. शिवाय अकरा वर्षे उघड राहिलेल्या प्राण्याला म्हातारपणी चोरून राहायला लावायचे, हे मनाला पटेना. दुसरा सल्ला सगेसोयऱ्यांचा होता. प्रत्येकाच्या ओळखीत कुणाची तरी मुळशीकडे किंवा भोरला शेती असते, आणि तिथे कुत्रा ‘मस्त मोकळा राहील’ अशी प्रत्येकाची खात्री असते. ज्याला रात्री दोनदा उठून बाहेर न्यावे लागते, ज्याची गोळी गुळाच्या खड्यात लपवून द्यावी लागते, तो शेतावर किती दिवस मोकळा राहील, हे त्यांना सांगत बसलो नाही.

सगळे नकार सारखे नव्हते. मयूर कॉलनीतल्या एका घरात बाहेरच्या खोलीत दत्ताची मोठी तसबीर होती. तिला टपोऱ्या शेवंतीचा हार होता. तीन शिरे, मागे गाय, आणि पायांशी चार कुत्री. त्यांतला एक तर मान वर करून थेट घरमालकाकडे पाहत होता. ‘आमच्याकडे जरा सोवळं-ओवळं असतं,’ गृहस्थ म्हणाले, ‘कुत्रं म्हणजे…’ माझी नजर तसबिरीवर गेली, ती त्यांनी टिपली. ‘त्यांचं वेगळं,’ ते ओशाळून म्हणाले. मीही मान डोलावली. त्या चार कुत्र्यांना चार वेद मानतात. वेदांना केस गळण्याचा विकार नसतो.

पण दुसऱ्या एका घरातल्या बाईंनी मला आतली दारे दाखवली. आधीच्या बिऱ्हाडाच्या कुत्र्याने चौकटी खालपासून हातभर कुरतडल्या होत्या, आणि ते लोक अनामत रकमेवरून भांडून गेले होते. त्यांचे काय चुकले? तिसऱ्या घरातले आजोबा माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. लहानपणी त्यांना कुत्रा चावला होता आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. ती जुनी लस भारतात बंद होऊन आता वीस वर्षे झाली, पण पोटाला ते कोण सांगणार? बोलताना त्यांचा हात नकळत बेंबीपाशी गेला. त्यातच ऑगस्ट महिना उजाडला. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला, आणि २२ तारखेला मोठ्या पीठाने तो बदलून, निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली वा आक्रमक नसतील तर, पुन्हा मूळ जागी सोडण्यास सांगितले. पहिला आदेश सर्वांना पाठ होता. दुसरा फारसा कुणी वाचला नव्हता. ‘आता तर कोर्टानंच सांगितलंय,’ हे वाक्य मला त्या महिन्यात तीन दारांत ऐकावे लागले.

अशा वेळी सदाशिव पेठेतला आमचा जुना वाडा आठवे. तिथे कुत्रे पाळण्यासाठी कुणाची परवानगी लागत नसे, कारण कुत्रे कुणी पाळतच नसे. ते वाड्याचे असत. पहिल्या चौकातल्या बिऱ्हाडाची शिळी भाकरी, आमच्याकडचा ताकभात, श्राद्धाच्या दिवशी कावळ्याबरोबर काढलेला त्याचा घास, यांवर त्याचा निर्वाह चाले, आणि रात्री ते दिंडीदरवाजाशी पडून राही. मात्र या आठवणीत फार रमण्यात अर्थ नाही. पालिकेची गाडी गल्लीत शिरली की आम्ही मुले ओरडत धावायचो, आणि त्या गाडीतून गेलेले कुत्रे परत येत नसे. मारण्याऐवजी निर्बीजीकरण करून सोडण्याचा देशव्यापी नियम झाला तो २००१ साली. वाड्यात प्रेम होते, पण जबाबदारी कुणाचीच नव्हती. आता एकाच घरावर दोन्हींचा भार आला आहे, आणि घर भाड्याचे आहे.

कागदावर माझा विश्वास असल्यामुळे मी एक धारिका तयार केली. भुऱ्याचा महापालिकेचा परवाना, दरवर्षीच्या रेबीज लशीच्या नोंदी, पशुवैद्याचे पत्र. त्यांमागे कायदा. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली, त्यांत प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हेही एक आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली परिपत्रक काढून गृहनिर्माण संस्थांना सांगितले की, सभासदांनी वा भाडेकरूंनी प्राणी पाळू नयेत असा ठराव त्यांना करता येणार नाही. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे ठराव बेकायदा ठरवले. मी ही धारिका दोन-तीन ठिकाणी उघडली, आणि मला तिची मर्यादा कळली. हा सारा कायदा संस्थेच्या फाटकापर्यंत येतो. त्यापुढे घरमालकाचे दार लागते. आपले घर कुणाला द्यायचे नि कुणाला नाही, हे तो ठरवतो, आणि त्याला कारण द्यावे लागत नाही. ‘कायदा बरोबर आहे हो,’ एक जण धारिका मिटवत म्हणाले, ‘पण घर माझं आहे.’ त्याच चाळणीत मला आणखी एक कलम सापडले. प्राण्याला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे हा १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. म्हणजे भुऱ्याला पौड रस्त्यावर, तो सापडला त्याच फळीखाली परत ठेवून येण्याचा खर्च रिक्षाभाड्याहून कमी होता.

कुत्र्यापायी जागा नाकारली जाण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी कथा महाभारताच्या अखेरीस आहे. इंद्र रथ घेऊन येतो, धर्मराजाला आत घ्यायला तयार होतो, पण कुत्र्याला नाही. धर्मराज ठाम राहतो आणि कुत्रा शेवटी साक्षात यमधर्म निघतो. ही कथा मला लहानपणापासून प्रिय होती. त्या पावसाळ्यात मात्र तिचा थोडा राग येऊ लागला. धर्मराजाची बायको आणि भाऊ वाटेत पडले तेव्हा त्याने मागे वळून पाहिले नव्हते. त्याच्याजवळ उरले होते ते एक कुत्रे, आणि त्याला सामान हलवण्यासाठी ट्रक ठरवायचा नव्हता. शिवाय आमचा भुऱ्या शेवटी कुणीही निघणार नव्हता. तो भुऱ्याच होता.

हे सारे सांगण्यासारखे आहे, कारण त्यात माझी बाजू बरी दिसते. पुढचे तसे नाही.

डहाणूकर कॉलनीत एक घर मिळण्याच्या बेतात आले होते. तळमजला, पुढे छोटा व्हरांडा, खिडकीबाहेर कडुलिंब. घरमालक सज्जन आणि द्विधा मनःस्थितीत. ते पत्नीकडे पाहत होते, माझ्याकडे पाहत होते, बोटाने टेबलावर रेघा ओढत होते. विकसकाला किल्ल्या देण्याची तारीख बारा दिवसांवर आली होती. मी पुढे वाकून, आवाज खाली आणून, जणू काही विश्वासातली गोष्ट सांगावी तसा म्हणालो, ‘तसं आता त्याचं फार राहिलेलं नाही. वर्ष, फार तर दीड वर्ष.’

त्यांचा चेहरा उजळला. ‘असं होय! मग काही हरकत नाही.’

घर मिळाले होते. पत्नीने पदर सावरला, उठून नमस्कार केला आणि म्हणाली, ‘आम्ही कळवतो.’ रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर भुऱ्या नेहमीप्रमाणे दारापर्यंत येण्यासाठी धडपडत उठला. ती त्याच्यापाशी फरशीवर बसली आणि बराच वेळ त्याचा फाटका कान चोळत राहिली. रात्री अंथरूण घालताना एवढेच म्हणाली, ‘अहो, घर मिळावं म्हणून त्याचं मरण नाही सांगायचं.’

मी उत्तर दिले नाही. पशुवैद्याने असे काही सांगितलेलेही नव्हते. तो अंदाज माझाच होता, आणि तो मी मालाची उजवी बाजू दाखवावी तसा दाखवला होता.

त्यानंतर दोन दिवसांनी मी संस्थेचे कपाट आवरायला घेतले. नऊ वर्षे मी आमच्या संस्थेचा सचिव होतो. इतिवृत्तांची पुस्तके नव्या समितीकडे सोपवायची होती. २००९ च्या वार्षिक सभेचे पान उघडले. ठराव क्रमांक सात. भाडेकरूंनी सदनिकेत कुत्रा, मांजर वा अन्य प्राणी ठेवू नये. सूचक म्हणून माझे नाव. सर्वानुमते मंजूर. खाली माझी सही, तेव्हाची, ठसठशीत.

ठराव मी विसरलो नव्हतो, पण त्यातला ‘भाडेकरूंनी’ हा शब्द विसरलो होतो. म्हणूनच २०१४ साली भुऱ्या आला तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. आम्ही मालक होतो.

हा ठराव एकाच माणसासाठी केला गेला होता. दुसऱ्या मजल्यावर विदर्भातून बदली होऊन आलेली, बँकेत नोकरी करणारी एक मुलगी भाड्याने राहत असे. तिच्याकडे एक मांजर होते. जिन्यात केस पडतात अशी तक्रार आली होती. केस खरोखर पडत होते का, हे आज मला आठवत नाही. ठरावानंतर ती एका संध्याकाळी माझ्याकडे आली. हातात झाकणाची वेताची टोपली. ‘काका, ती आवाजसुद्धा करत नाही. तुम्ही एकदा बघा ना,’ असे म्हणून तिने झाकण उघडले. मी टोपलीत पाहिले नाही. समोर देखभाल खर्चाच्या पावत्या होत्या, त्यांवर मी सह्या करीत राहिलो. नियम सगळ्यांना सारखा, असे काहीतरी बोललो. सगळ्यांना सारखा तो नव्हताच. आणि वर सल्ला दिला, ‘गावाकडे कुणाकडे तरी पाठवून द्या. तिथे मोकळं राहील.’

महिनाभरात तिने जागा सोडली. टेम्पो भरताना मी कचेरीत होतो. टोपली त्या टेम्पोत होती की नाही, मला माहीत नाही. ते पान मी पत्नीला दाखवले. तिने वाचले, चष्मा काढला आणि म्हणाली, ‘मी तेव्हा तुम्हांला काही बोलले नाही, हे माझं चुकलंच.’

अखेर घर मिळाले ते एजंटाने शोधलेले नव्हते आणि माझ्या धारिकेचेही नव्हते. ते भुऱ्यानेच बऱ्याच वर्षांपूर्वी पाहून ठेवले होते, म्हटले तरी चालेल. मागच्या गल्लीत एक जुना बंगला आहे. तिथे ऐंशी वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सारी गल्ली त्यांना बाई म्हणते. सकाळच्या फेरीत भुऱ्या त्यांच्या फाटकाशी थांबतो, कारण चहाबरोबरच्या खारीचा एक तुकडा तिथे मिळतो. किल्ल्या देण्याला आठवडा उरला असताना बाईंनी फाटकावरून विचारले, ‘तुमचं ठरलं का कुठं?’ मी नाही म्हणालो. ‘मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. गळतात थोड्या. जिना नाही. माझ्या देवघरात तेवढा येऊ देऊ नका.’ माणसे किती, हे त्यांनी विचारले नाही. रोज पाहत होत्या.

बाईंच्या परदेशातल्या मुलाला मात्र हे पसंत नव्हते. फोनवर बरीच चर्चा झाली आणि रीतसर करार व्हावा, असे ठरले. ते योग्यच होते. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्यात राहणाऱ्याला भाडेकरू म्हणत नाहीत, परवानाधारक म्हणतात. घरावर त्याचा हक्क नसतो, राहण्याची अनुज्ञा तेवढी असते. भुऱ्याकडे पालिकेचा परवाना होताच. दोन परवानाधारक एकाच खोलीत राहणार होते. अंगठ्याचे ठसे घेणारे यंत्र घेऊन एक मुलगा आला. बाईंचा ठसा काही केल्या उमटेना. खडूने बोटे झिजली, असे त्या म्हणाल्या. करारात मुलाच्या आग्रहाने एक कलम घातले होते: परवानाधारकाजवळ असलेला एक कुत्रा, रंग भुरा, वय अंदाजे अकरा वर्षे, यास अनुमती आहे, सदर कुत्र्याच्या पश्चात अन्य कोणताही प्राणी आणण्यास अनुमती राहणार नाही. ‘पश्चात’ या शब्दापाशी माझा अंगठा थोडा थांबला. पत्नीने तो वाचला आणि काही न बोलता आपला अंगठा यंत्रावर ठेवला.

खोल्या गळतात खऱ्या. दोन बादल्या आणि एक पातेले यांत भागते. भुऱ्याने देवघराचा उंबरा अजून ओलांडलेला नाही. त्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून तो पडतो, आणि बाई पूजा आटोपून त्याला ओलांडून जाताना ‘सरक रे’ म्हणतात. तो सरकत नाही.

सकाळी फिरायला निघालो की तो मला ओढत जुन्या इमारतीकडे नेतो. एवढ्यापुरते त्याचे मागचे पाय चालतात. तिथे आता उंच पत्रे ठोकले आहेत. त्यांवर उंच इमारतीचे चित्र आहे, आणि चित्रातल्या हिरवळीवर एक माणूस पांढऱ्याशुभ्र जातिवंत कुत्र्याला घेऊन चाललेला दाखवला आहे. पत्र्यांच्या फटीतून आतला खड्डा दिसतो. आमचे फाटक होते त्या जागी, अगदी त्याच हातभर जागेवर, भुऱ्या उभा राहतो, पत्रा हुंगतो, मग मोठ्या कष्टाने पाय वर करून त्यावर आपली नेहमीची खूण करतो. पहारेकरी पहिले काही दिवस हाकलायचा. आता तो फक्त पाण्याची बादली थोडी बाजूला घेतो.